खर्चासह फेटाळला: डिचोलीतल्या एका अपघात-दाव्यानंतरची वसुली

'दावा खर्चासह नामंजूर' हे शब्द ऐकले की जिंकलेल्या माणसाला वाटतं, आता वकिलाची फी समोरच्याकडून भरून निघणार. ती निघते का, किती निघते आणि कुणाच्या खिशातून, हे एका प्रकरणावरून इथं पाहू. प्रकरण रचलेलं आहे. त्यातली माणसं, घटनेचे तपशील आणि माणसांमधली बोलणी कल्पित आहेत. कायदा, कलमं आणि त्यांतले आकडे खरे आहेत.

ट्रक आणि पायलट

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका माणसानं खाणी जोरात असताना दोन टिप्पर घेतले. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यात खनिज काढणं थांबलं आणि डिचोली-सत्तरीत दारादारांत ट्रक उभे राहिले. यानं एक विकला. दुसऱ्यावर कधी चिरे, कधी खडी, मिळेल ते भाडं मारत राहिला. २०१९ च्या एप्रिलात गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून ट्रक गॅरेजात पडून राहिला, आणि त्याच महिन्यात विमा संपला तोही त्यानं भरला नाही. सार्वजनिक जागी वाहन वापरायचं तर तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं. उघडून ठेवलेल्या ट्रकाला विमा कशाला, हा त्याचा हिशेब कायद्याला धरूनच होता. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. विमा असला की दावा लढायला कंपनीचा वकील येतो. नसला की सगळा खर्च मालकाचा.

दुसरा माणूस पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारा. २०१९ च्या जूनमधल्या एका पावसाळी रात्री साखळीहून डिचोलीकडे येताना तो पडला आणि उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रात्रीच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेलं. तिथं पहिल्या केसपेपरवर लिहिलं गेलं, 'दुचाकी घसरून पडला'. पुढं रॉड बसला, पाय किंचित आखूड झाला, अठरा टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला. आणि अडतीस दिवसांनी पोलिसांत फिर्याद गेली: मागून आलेल्या टिप्परनं उडवलं, नंबर अमुक. नंबर आपल्या ट्रकमालकाच्या ट्रकाचा होता.

हे अडतीस दिवस समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. दुचाकीवरून आपण होऊन घसरलेल्या माणसाला आपला कायदा जवळजवळ काहीच देत नाही. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं आणि त्याची रक्कम १५ लाखांवर नेलेली आहे. पण ते मृत्यू, अवयव वा डोळा गमावणं आणि कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठी. मोडून जुळलेल्या पायाला त्यात जागा नाही. अज्ञात वाहनानं ठोकरून पळ काढला असता, तर २०१९ च्या अपघाताला सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीचे १२,५०० रुपये मिळाले असते. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना तीच रक्कम ५०,००० आहे. ओळखता येणारं वाहन मात्र सापडलं, तर दावा लाखांत जातो. म्हणजे एकच मोडलेला पाय: घसरल्यानं मोडला तर शून्य, अज्ञात वाहनानं मोडला तर साडेबारा हजार, नंबर असलेल्या ट्रकानं मोडला तर बारा लाख. इस्पितळाच्या फाटकाबाहेर 'नंबर मिळतो का बघू' म्हणणारी माणसं या उतरंडीवर जगतात. फी निकालावर बेतायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. या मधल्या माणसांना मात्र कुणाचेच नियम लागू होत नाहीत, आणि दावा हरला तरी खर्चाचा आदेश त्यांच्या नावानं कधी निघत नाही.

२०२० च्या सुरुवातीला पायलटनं कलम १६६ खाली बारा लाखांचा दावा लावला. सोबत कलम १४० चा अर्ज. हे कलम आता कायद्यात नाही, पण तेव्हाच्या अपघातांना ते लागू होतं: चूक कुणाची हे न पाहता कायमच्या अपंगत्वाला २५,००० रुपये. अशा अर्जावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फिर्याद, पंचनामा, दाखला एवढं वरवर पाहतं. ट्रक गॅरेजात होता हे मालकाचं म्हणणं 'पुराव्याच्या वेळी पाहू' म्हणून बाजूला राहिलं. विमा नसल्यानं पंचवीस हजार त्यानं स्वतः भरले. त्याच्या वकीलबाईंनी त्या दिवशी एकच गोष्ट धरून ठेवली. दावा फेटाळला गेल्यास रक्कम परत करीन, असं हमीपत्र दिल्याशिवाय पायलटला पैसे उचलू देऊ नयेत, हा आदेश त्यांनी मिळवला. चार ओळींचा तो कागद पुढं सगळ्या निकालपत्रापेक्षा कामाला आला.

निकाल

२०२४ च्या सप्टेंबरात दावा नामंजूर झाला. गॅरेजवाल्यानं बिलबुक आणून साक्ष दिली. गोमेकॉतला केसपेपर मागवला गेला. पायलटचा साक्षीदार असलेल्या मित्राचं नाव फिर्यादीत नव्हतं, आणि उलटतपासणीत त्याला ट्रक रिकामा होता की भरलेला हे सांगता आलं नाही. फिर्यादीच्या उशिराचं कारण पटलं नाही. अपघात-दाव्यांत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, संभाव्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढंच पाहायचं असतं. इथं ते गॅरेजाकडे झुकलं.

निकालपत्राच्या शेवटी तीन गोष्टी होत्या. हमीपत्राप्रमाणे पायलटनं २५,००० परत करावेत. दाव्याचा खर्च म्हणून ५,००० द्यावेत. आणि मालकानं मागितलेला कलम १७२ खालचा विशेष खर्च नाकारण्यात येत आहे.

मालक सगळ्यात जास्त चिडला तो तिसऱ्या गोष्टीवर. कलम १७२ म्हणतं, कुणी खोटा वा केवळ त्रास देण्यासाठीचा दावा किंवा बचाव मांडला, तर कारणं लिहून न्यायाधिकरण त्याला भरपाई म्हणून विशेष खर्च द्यायला लावू शकतं. पुढच्याच पोटकलमात मर्यादा आहे: एक हजार रुपये. कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीत दंड वाढले, भरपाया वाढल्या, हा हजार जागचा हलला नाही. दिवाणी दाव्यांत हीच सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ मध्ये आहे आणि तिथं मर्यादा ३,००० आहे, १९७६ पासून. माडावरून नारळ पडून किंवा विजेच्या तारेनं जखमी झालेल्या माणसाचा दावा दिवाणी न्यायालयात जातो. तो खोटा ठरला तर जास्तीत जास्त तीन हजार. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये खर्च प्रत्यक्षाला धरून वाजवी असावा असं म्हटलं, आणि २०११ मध्ये ही मर्यादा निदान एक लाख करावी असं सुचवलं. व्यापारी दाव्यांपुरती ती २०१५ च्या कायद्यानं उठली. मोडलेल्या पायांच्या दाव्यांत ती तशीच आहे.

पण इथं तो हजारही मिळाला नाही, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. 'शाबीत झाला नाही' आणि 'खोटा आहे' यांत मोठं अंतर आहे. पायलट साक्षीत म्हणाला, पडल्यावर मी भानावर नव्हतो, नंबर मित्रानं सांगितला, मी विश्वास ठेवला. केसपेपरवरचं 'घसरून पडला' हे बरोबर आलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं असावं, असंही तो म्हणाला. न्यायाधिकरणानं यावर विश्वास ठेवला असं नाही. पण दावा त्याला ठाऊक असताना खोटा मांडला, एवढं म्हणायला पुरावा कमी पडतो, असं लिहिलं. जखम खरी होती, रॉडही खरा होता. जखमी माणूस हरला म्हणून तो लबाड ठरत नाही. हे अंतर पुसलं तर उद्या कुठलाही गरीब माणूस खरा दावा लावायलाही कचरेल.

मालकाला हे पटण्यासारखं नव्हतं. "बाई, हजार रुपये मला नकोत," तो वकीलबाईंना म्हणाला. "तो खोटं बोलला एवढं कागदावर यायला हवं होतं. चार वर्षं मी तारखांना हेलपाटे घातले. पंचायतीत लोक मला 'पाय मोडणारा' म्हणत होते."

अपील करू, असं त्याचं म्हणणं. ते करता येत नव्हतं. कलम १७३ प्रमाणे अपिलातल्या वादाची रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही; पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. म्हणजे बारा लाख गमावलेल्या पायलटला पर्वरीच्या उच्च न्यायालयाचं दार उघडं आणि खर्च कमी मिळाला म्हणून कुरकुरणाऱ्या मालकाला ते बंद. उरते ती रिट याचिका, आणि एक हजारासाठी रिट याचिका करायला वकीलबाईंनी सरळ नकार दिला.

खोट्या साक्षीचा फौजदारी अर्ज हा दुसरा विचार. अपघात न्यायाधिकरण या कामापुरतं दिवाणी न्यायालय मानलं जातं, त्यामुळं अर्ज तिथंच करता येतो. साक्ष १ जुलै २०२४ पूर्वीची, म्हणून गुन्हा जुन्या दंडसंहितेच्या कलम १९३ चा. अर्ज त्या तारखेनंतरचा, म्हणून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. असा अर्ज मित्राविरुद्ध टिकू शकला असता, पायलटविरुद्ध कठीण होतं, कारण निकालपत्रानंच त्याला संशयाचा फायदा दिला होता. उत्तर प्रदेशात बनावट अपघात-दाव्यांचं पीक आलं तेव्हा विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन वकिलांवरही कारवाई झाली. ती वाट टोळीसाठी योग्य. एकट्या पायलटसाठी ती वापरणं मला जड वाटतं. मालकानं आठवडाभर विचार केला आणि सोडून दिलं.

तीस हजार कुठून येणार

आता हातात काय होतं? २५,००० अधिक ५,०००. पहिली रक्कम मालकाची स्वतःचीच होती. खऱ्या अर्थानं खर्च म्हणावा असे पाच हजारच. वकीलबाईंची फी साठ हजार झाली होती. टंकलेखन, प्रमाणित प्रती, साक्षीदाराचा भत्ता मिळून आणखी आठ-नऊ हजार. दिवाणी संहितेचं कलम ३५ तत्त्वानं म्हणतं की खर्च निकालामागून जावा, आणि न्यायालय तसं करणार नसेल तर कारण लिहावं. पण किती जावा हे न्यायाधीशाच्या विवेकावर आणि नियमांतल्या ठरीव फीवर अवलंबून. प्रत्यक्ष फी आणि मंजूर फी यांची गाठ सहसा पडत नाही.

वसुलीच्या दोन वाटा होत्या. कलम १७४ खाली न्यायाधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे दाखला घ्यायचा; मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हे कलम सगळे दावेदारांच्या सोयीचं समजतात, पण त्याची भाषा 'निवाड्याखाली कुणाही व्यक्तीकडून येणं असलेली रक्कम' अशी आहे, त्यामुळं उलट्या दिशेनंही ते चालतं. प्रत्यक्षात कागद जातो मामलेदारांकडे, आणि तिथं तो बाकीच्या थकबाक्यांच्या गठ्ठ्यात बसतो. दुसरी वाट २०१९ च्या दुरुस्तीनं आलेली: कलम १६९ चं चौथं पोटकलम. न्यायाधिकरणाला आता आपला निवाडा पैशांच्या हुकूमनाम्यासारखा स्वतःच बजावता येतो. म्हणजे जप्ती, बेलीफ, पगाराची अटकावणी, सगळं.

जप्त करायला पायलटकडे होतं काय? घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बांधून राहिलेल्याचं. जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर, एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यावर पायलटच्या कुटुंबाचं नाव कुठंच नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घराची जागा विकत घेण्याचा अर्ज वडिलांच्या काळापासून पडून. घराला हात लावणं म्हणजे तीस हजारांसाठी भाटकार, मुंडकार आणि मामलेदार यांच्या तिहेरी भानगडीत शिरणं. मोटारसायकल जुनी. पाय मोडल्यापासून ती घराच्या पडवीत होती आणि लिलावात बेलीफाचा खर्चही निघाला नसता.

बायकोच्या खात्यावर गृह आधार योजनेचे दरमहा १,५०० येतात, ते धरता येतील का, असं मालकानं विचारलं. वकीलबाईंनी हा विषय तिथंच संपवला. ती दाव्यात पक्षकार नव्हती, पैसे सरकारनं तिला घर चालवायला दिलेले. शिवाय गोव्यात वेगळा करार न करता लग्न नोंदवलं की १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा धरला जातो. नवऱ्याविरुद्धच्या आदेशासाठी सामाईक वस्तू जप्त केली की बायको स्वतःच्या निम्म्यासाठी हरकत घेऊन उभी राहते, आणि मूळ वसुलीपेक्षा ती हरकत जास्त चालते. महाराष्ट्रातून इथं आलेल्या वकिलांनाही ही गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते.

तुरुंग? मालकाचा एक भाऊबंद सारखा तेच सुचवत होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५८ प्रमाणे पाच हजारांवरच्या रकमेला तीन महिन्यांपर्यंत, दोन ते पाच हजारांमध्ये सहा आठवड्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दोन हजारांपर्यंत होतच नाही. पण कलम ५१ ची अट आहे: ऐपत असून देत नाही, हे दाखवावं लागतं. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं हे पक्कं झालं की नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसाला आत टाकता येत नाही. आणि एक गंमत म्हणजे, आत टाकलाच तर त्याचा तिथला निर्वाह भत्ता टाकणाऱ्यानं भरायचा. भाऊबंदाला हे सांगितल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

उरला पगार. पाय गेल्यापासून पायलट होंडा औद्योगिक वसाहतीत पहारेकरी होता, एका एजन्सीमार्फत, दरमहा १४,०००. संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. चौदातून एक वजा, तेरा. त्याचा तिसरा हिस्सा ४,३३३. एजन्सीच्या पगारवाटप अधिकाऱ्यावर आदेश बजावला की दरमहा ही रक्कम न्यायाधिकरणात जमा होणार. एजन्सीनं कसूर केली तर जबाबदारी तिच्यावर. सात महिन्यांत तीस हजार. सगळ्या वाटांत ही एकच वाट चालू शकणारी होती. वकीलबाईंनी अर्ज तयार केला आणि दाखलही केला.

इथं थोडं बाहेर पाहण्यासारखं आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेलेलं कुणी ना कुणी गोव्यातल्या अनेक गावांत सापडतं, म्हणून तिथला नियम इथं कानावर असतो. एप्रिल २०१३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जखमेच्या दाव्यांत खर्च एकाच दिशेनं वाहतो. दावेदार जिंकला तर प्रतिवादी खर्च देतो. हरला तर त्याच्याविरुद्ध खर्चाचा आदेश होतो, पण त्याला मिळालेल्या भरपाईपलीकडे तो सहसा वसूल करता येत नाही. म्हणजे पूर्ण हरलेल्याकडून सहसा शून्य. अपवाद मुख्यतः दोन: दावा चालण्याजोगाच नव्हता म्हणून काढून टाकला गेला, किंवा दावेदार मुळापासून अप्रामाणिक ठरला. दुसऱ्या अपवादासाठी न्यायालयाची परवानगी लागते. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे संरक्षण आणखी घट्ट वाचलं, तर ६ एप्रिल २०२३ पासून नियम बदलून तडजोडीत मिळालेले पैसेही वसुलीसाठी मोकळे झाले. या व्यवस्थेत विचार असा की प्रतिवादीमागं बहुधा विमा कंपनी असते, आणि ती हरलेल्या जखमी माणसाचा खर्च सोसू शकते. आपल्या प्रकरणात प्रतिवादीमागं कुणी नव्हतं. दोघेही बुडालेल्या खाणपट्ट्यातले, एकाच शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त. तिथला नियम इथं आणला असता तर ट्रकमालकाचं नुकसान झालं असतं, आणि आपला कागदोपत्री उलटा नियम असूनही नुकसान जवळजवळ तेवढंच झालं. फरक पाच हजारांचा.

खोटेपणाची कसोटी मात्र घेण्यासारखी वाटते. आपल्याकडे खोटा दावा शाबीत झाला तरी हजार, आणि नुसता हरलेला दावा असला तरी पाच हजार, अशी उलटी किंमत लागते. कलम १७२ ची मर्यादा वाढवायला हवीच. पण ती खोटेपणा ठरल्यावर लागू होणारी असल्यानं खऱ्या जखमी माणसाला तिची भीती नसावी. त्याहून उपयोगाची गोष्ट २०२२ च्या नियमांनी आधीच केली आहे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि दावा सहा महिन्यांत लावायची अट कायद्यात आली आहे. हे खरंच पाळलं गेलं तर अडतिसाव्या दिवशी नंबर उगवणं कठीण होईल.

तडजोड

पगाराच्या अर्जाची नोटीस एजन्सीत पोचली आणि आठ दिवसांत पायलटचा मोठा भाऊ ट्रकमालकाच्या घरी आला. एजन्सी म्हणत होती, कोर्टाच्या भानगडी असलेला माणूस नको. नोकरी गेली तर ना पायलटकडे पैसे, ना मालकाला हप्ता. हा धोका वकीलबाईंनी आधीच सांगितला होता. पगाराची जप्ती कागदावर निर्दोष असते, पण कंत्राटी माणसाच्या बाबतीत ती ज्या फांदीवर बसायचं तीच कापते.

"दादा, पंचवीस हजार त्याच्यापाशी नाहीत," भाऊ म्हणाला. "रॉड काढायला गेले तेवढे. तुम्ही म्हणाल तसे हप्ते बांधा. अपील करणार नाही."

अपिलाच्या नव्वद दिवसांतले साधारण चाळीस उरले होते. अपील झालं तर मालकाला पर्वरीत पुन्हा वकील, पुन्हा फी. पायलटलाही ते फुकट नव्हतं. ज्याला निवाड्याखाली पैसे द्यायचे आहेत त्यानं अपिलापूर्वी २५,००० किंवा रकमेचा अर्धा भाग, जे कमी असेल ते, भरावं अशी कलम १७३ ची अट. ती हरलेल्या दावेदारालाही लागू आहे असं म्हणायला जागा होती, म्हणजे पंधरा हजार. आणि नुसतं अपील केल्यानं वसुली थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती लागते. खर्चाच्या आदेशाचा खरा उपयोग मला इथं दिसतो. पैसे म्हणून तो फार काही देत नाही, पण समोरच्याला अपिलाआधी बोलायला बसवतो.

ठरलं ते असं. वीस हजार, दरमहा दोन हजारांच्या दहा हप्त्यांत, थेट मालकाच्या बँक खात्यात. हमीपत्राचे उरलेले पाच आणि खर्चाचे पाच मालकानं सोडले. पायलटनं अपील न करण्याचं लिहून दिलं. मालकाला आणखी एक ओळ हवी होती: 'माझ्या ट्रकानं अपघात झाला नाही हे मान्य.' पायलट त्याला तयार नव्हता. शेवटी 'न्यायाधिकरणाचे निष्कर्ष अंतिम मानतो' यावर दोघांची सही झाली. पंचायतीत दाखवायला मालकानं त्या पानाची वेगळी प्रत काढून घेतली.

खर्चाचा हिशेब मांडला तर मालकाचे जवळजवळ सत्तर हजार गेले. परत येणार आहेत ते त्याच्याच पंचवीस हजारांतले वीस. 'खर्चासह' मधला खर्च शून्य वसूल झाला. विमा भरला असता तर वर्षाचा हप्ता याहून कमी पडला असता की नाही, हा हिशेब त्यानं केला असेल, पण बोलला नाही.

एक तांत्रिक गोष्ट राहिली आणि ती नेहमी राहते. कोर्टाबाहेर दिलेले पैसे किंवा केलेली तडजोड संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे नोंदवून घ्यावी लागते. देणाऱ्याला त्यासाठी मुदत ३० दिवसांची. नोंदवली नाही तर वसुली करणारं न्यायालय ते पैसे पाहतच नाही, आणि दहा हप्ते भरूनही तीस हजारांची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, पुन्हा उभी राहू शकते. पायलटच्या भावाला हे ठाऊक नव्हतं. वकीलबाईंनी समोरच्या पक्षाच्या असूनही त्याला सांगितलं, आणि दोन्ही बाजूंनी मिळून तडजोड नोंदवली गेली. तिच्यातल्या शेवटच्या कलमाप्रमाणे ओळीनं दोन हप्ते चुकले तर सोडलेले दहा हजार धरून सगळी रक्कम एकदम देणं लागेल. त्यासाठी पगाराचा अर्ज मागे घेतलेला नाही. तो दहावा हप्ता जमा होईपर्यंत तहकूब आहे.